दंतवैद्यांचा संकोच आणि खेड्यातील दाढ

१९ मे २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने देशातील दंतवैद्यांसाठी एक मार्गदर्शिका प्रसृत केली. करोनाच्या साथीचे ते दिवस. दाताचे यंत्र फिरू लागले की रुग्णाच्या लाळेचे तुषार हवेत पसरतात, आणि दंतवैद्याचे तोंड तर रुग्णाच्या तोंडापासून हातभरही दूर नसते. त्यामुळे प्रतिबंधित क्षेत्रातील दवाखाने बंद ठेवावेत, इतरत्र तातडीचे तेवढेच उपचार करावेत आणि रुग्णांची प्राथमिक चौकशी व छाननी दूरध्वनीवरून करावी, असे तीत सांगितले होते. तोपर्यंत दूरस्थ दंतोपचार हा विषय आपल्याकडे परिषदांतील निबंधांपुरता होता. त्या एका उन्हाळ्यात तो हजारो दंतवैद्यांच्या तळहातावर येऊन पडला.

त्या काही महिन्यांत जे घडले ते मोठे बोधप्रद होते. एरवी रुग्णाला खुर्चीत आडवे केल्याशिवाय अभिप्राय न देणारी मंडळी भ्रमणध्वनीवर आलेली दाढांची अंधूक छायाचित्रे पाहू लागली. सूज कुठे आहे, ताप आहे काय, तोंड किती उघडते, गिळताना त्रास होतो काय, असे चार प्रश्न विचारून कोणाला घरी थांबवायचे आणि कोणाला तातडीने बोलवायचे हे ठरवू लागली. निदानाची पहिली पायरी अंतरावरून चढता येते, याचा अनुभव या व्यवसायाने सक्तीने का होईना, घेतला. पुढे साथ ओसरली, खुर्च्या पुन्हा भरल्या आणि बहुतेक दवाखान्यांत दूरध्वनीचा उपयोग पूर्ववत भेटीची वेळ ठरविण्यापुरता उरला. शहरातल्या ज्या रुग्णाला दोन चौकांवर तीन दवाखाने आहेत, त्याचे यात काही बिघडले नाही. ज्याला दाढ दाखवायला तालुक्याच्या गावी जाताना दिवसाचा रोज बुडवावा लागतो, त्याच्या हाती क्षणभर आलेले साधन मात्र परत गेले. आमच्या चिंतेचा विषय हा दुसरा रुग्ण आहे.

दंतवैद्यांच्या मतांची पाहणी करणारे बरेच निबंध गेल्या काही वर्षांत आपल्याकडे आणि परदेशांत प्रसिद्ध झाले आहेत. आकडे ठिकठिकाणी वेगळे. उत्तरांचा घाट मात्र पुष्कळसा एकच. ही पद्धत उपयुक्त आहे काय, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर होकारार्थी येते. दूरच्या रुग्णाला तिचा लाभ होईल, तज्ज्ञाचा सल्ला लवकर मिळेल, खेपा वाचतील, हे सारे त्यांना मान्य असते. आपण स्वतः ती वापरता काय, या पुढच्या प्रश्नाला मात्र होकार आटतो. छायाचित्रावरून निदान चुकेल, चुकल्यास जबाबदारी कोणाची, रुग्णाची खाजगी माहिती फुटेल, शुल्क कोण देणार, आम्हांला हे कोणी शिकविलेच नाही, अशी कारणे पुढे येतात. तत्त्वतः मान्य आणि व्यवहारात अमान्य, ही भूमिका आमच्या कार्यकर्त्यांना अपरिचित नाही. जमिनीच्या फेरवाटपापासून समान शाळेपर्यंत अनेक प्रश्नांवर सुशिक्षित वर्गाकडून ती त्यांनी ऐकलेली आहे. परंतु म्हणून या आक्षेपांची एकजात स्वार्थ म्हणून बोळवण करणे अन्यायाचे होईल. त्यांचे वजन सारखे नाही. ते एकेक उचलून पाहिले पाहिजेत.

यांतला पहिला आक्षेप सर्वांत वजनदार आहे. दंतवैद्यक ही हाताची विद्या आहे. रक्तदाबाच्या वा मधुमेहाच्या रुग्णाला डॉक्टर पुष्कळदा गोळ्याच लिहून देतो. तपासण्या हाताशी असल्या तर त्या शंभर कोसांवरून लिहिल्या तरी गुण तोच येतो. किडलेल्या दाढेचे तसे नाही. आतली नस मेली आणि मुळाशी पू साचला, की दाढेच्या पोटात रक्तावाटे औषध पोचण्याचा मार्गच उरत नाही. दाढ उघडून मूळ साफ करावे लागते, नाही तर दाढ काढावी लागते. प्रतिजैविकाने सूज चार दिवस उतरते, दुखणे दबते, आणि रोग जागच्या जागी राहतो.

ही केवळ शंका नाही. इंग्लंडमध्ये २५ मार्च २०२० पासून ८ जूनपर्यंत नित्याचे दंतोपचार थांबविण्यात आले आणि दंतवैद्यांना दूरध्वनीवरून सल्ला, वेदनाशामक आणि जरूर पडल्यास प्रतिजैविक देण्यास सांगण्यात आले. एप्रिल ते जुलै २०२० या चार महिन्यांत तेथील दंतवैद्यांनी लिहून दिलेली प्रतिजैविके आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी अधिक भरली. दंतवैद्य तेच होते, त्यांची विद्याही तीच होती. फक्त त्यांचे हात बांधलेले होते, आणि हात बांधलेला वैद्य औषधाच्या चिठ्ठीचा आश्रय घेतो. आपल्याकडे तर दाढदुखीची गोळी मागितली की दुकानदार दोन प्रतिजैविकेही पुडीत बांधून देतो. या सवयीला दूरस्थ सल्ल्याची अधिकृत मोहर लागली, तर काय होईल याची भीती ज्या दंतवैद्याला वाटते त्याला आम्ही प्रतिगामी म्हणणार नाही. ती भीती योग्य आहे. तिच्यातून निघणारा निष्कर्ष मात्र तपासला पाहिजे, आणि त्याकडे आम्ही पुढे येणार आहोत.

कायद्याचा आक्षेपही अगदी पोकळ नाही. जुलै २०१८ मध्ये रत्नागिरीतील एका प्रसूतीनंतरच्या मृत्यूच्या प्रकरणात, रुग्णाला प्रत्यक्ष न तपासता दूरध्वनीवरून औषधे सांगितल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरांना मुंबई उच्च न्यायालयाने अटकपूर्व जामीन नाकारला आणि निदानाशिवाय औषध देण्यावर कठोर शब्दांत ताशेरे ओढले. त्यानंतर राज्यातील डॉक्टरांनी दूरध्वनीचा धसका घेतला तर नवल नाही. २५ मार्च २०२० रोजी केंद्राने दूरवैद्यकाची नियमावली काढली आणि हा धसका बराचसा दूर केला. परंतु तीत ‘नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक’ याची जी व्याख्या आहे ती १९५६ च्या भारतीय वैद्यक परिषद कायद्याखालील नोंदवहीकडे बोट दाखविते. दंतवैद्यांची नोंदवही आजवर १९४८ च्या दंतवैद्य कायद्याखाली चालत आली. मे महिन्यातील मार्गदर्शिकेने दंतवैद्यांना दूरध्वनीवरील छाननीची मुभा दिली खरी. पण ती साथीपुरती, आणि साथीच्या भाषेत. एवढ्या शब्दभेदानेही सावध माणूस थबकतो. २०२३ मध्ये संसदेने १९४८ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत केला आहे. या नव्या आयोगाने दूरस्थ सल्ल्याचे नियम स्पष्ट शब्दांत लिहिणे हे दंतवैद्यांच्या हिताचे आहे तितकेच रुग्णांच्याही. आणि अशी मागणी दंतवैद्यांच्या संघटनांनीच सर्वांत मोठ्या आवाजात करावयास हवी होती.

आता शुल्काचा प्रश्न. याविषयी बोलताना मध्यमवर्गीय संकोच आड येतो, म्हणून तो इतर कारणांच्या मागे लपविला जातो. आपल्याकडे दंतवैद्याची प्राप्ती कामावर असते, सल्ल्यावर नसते. दात भरला, नस काढली, टोपी बसविली, कवळी केली, की पैसे मिळतात. तपासून ‘तूर्त काही करण्याची गरज नाही, नीट घासा’ एवढेच सांगितले तर त्याचे मोल रुग्णालाही द्यावेसे वाटत नाही. पुष्कळ ठिकाणी तपासणीचे शुल्क पुढच्या उपचारात वळते करून घेण्याची प्रथा आहे. अशा व्यवस्थेत दूरध्वनीवरचा सल्ला म्हणजे फुकटचे काम, शिवाय जोखीम. तरुण दंतवैद्याकडे पाहिले तर हे अधिक स्पष्ट होते. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत आणि त्यांतील बहुसंख्य खाजगी आहेत. लाखो रुपये भरून पदवी घ्यायची, मग खुर्ची, क्ष-किरण यंत्र आणि जागेचे भाडे यांसाठी कर्ज काढायचे, किंवा ते जमले नाही तर साखळी दवाखान्यात तुटपुंज्या पगारावर मान मोडून राबायचे. शहराच्या एकाच रस्त्यावर पाच पाट्या लागतात आणि आदिवासी तालुक्यात एकही लागत नाही, याचे कारण दंतवैद्यांच्या वृत्तीत शोधण्याआधी शिक्षण विकण्याच्या धंद्यात शोधले पाहिजे. ज्याच्या डोक्यावर हप्ता आहे तो हप्ता फिटेल तिथेच खुर्ची मांडणार. त्याला सेवाभावाचे प्रवचन देणाऱ्या पुढाऱ्यांपैकी काही जण त्याच महाविद्यालयांचे संस्थापक-अध्यक्ष असावेत, हा आपल्या सार्वजनिक जीवनातला एक विनोद आहे.

दूरस्थ दंतोपचार भांडवलाच्या हाती गेला की काय होते, याचे उदाहरण अमेरिकेने नुकतेच पाहिले. स्माईलडायरेक्टक्लब नावाची एक कंपनी २०१४ मध्ये निघाली. वेडेवाकडे दात सरळ करण्याचे पारदर्शक साचे ती थेट ग्राहकाच्या घरी पाठवी. ग्राहकाने स्वतःच दातांचा ठसा घ्यायचा किंवा कंपनीच्या दुकानात जाऊन प्रतिमा काढून घ्यायची. कुठेतरी दूर बसलेला दंतवैद्य ती पाहून योजना मंजूर करणार. त्याची आणि रुग्णाची गाठ कधीच पडणार नाही. दर पारंपरिक उपचारापेक्षा बराच कमी, आणि जाहिरात अशी की हा दातांच्या क्षेत्रातला लोकशाहीचा अवतारच. २०१९ मध्ये कंपनीचे समभाग बाजारात आले तेव्हा तिचे मोल अब्जावधी डॉलरांत झाले. तक्रार करणाऱ्या ग्राहकांना पैसे परत देताना त्यांच्याकडून मौनाच्या करारावर सही घेतली जात होती, हेही पुढे उघड झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि डिसेंबरात ती बंद पडली. अर्ध्या उपचारात असलेल्या लोकांना आपापल्या गावच्या दंतवैद्याकडे जाण्यास सांगण्यात आले. ज्यांनी हप्त्याने पैसे भरण्याचे कबूल केले होते त्यांनी हप्ते मात्र चालूच ठेवावेत, अशीही सूचना होती.

अमेरिकेतील दंत-सरळीकरण तज्ज्ञांच्या संघटनेने या कंपनीविरुद्ध तीसहून अधिक राज्यांत तक्रारी केल्या होत्या. क्ष-किरण न काढता, हिरड्यांचे हाड न तपासता दात हलविणे धोक्याचे आहे, असे तिचे म्हणणे. ते बरोबरच होते. त्यात धंद्याची काळजीही मिसळलेली होती, हे सांगायला ज्योतिषी नको. परंतु हेतू मिश्र असला म्हणून युक्तिवाद खोटा ठरत नाही. आपल्या महानगरांतही घरपोच साच्यांच्या जाहिराती दिसू लागल्या आहेत. त्यांकडे आपल्या दंतवैद्यांनी संशयाने पाहिले तर आमचा त्यांना पाठिंबाच राहील.

अडचण अशी की याच व्यवसायाने, ‘रुग्णाची सुरक्षितता’ हेच शब्द वापरून, अगदी वेगळ्या गोष्टीलाही विरोध केला आहे. अलास्काचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. तेथील मूलनिवासींची खेडी रस्त्यांनी जोडलेली नाहीत. विमानाने किंवा होडीने जावे लागते. दंतवैद्य वर्षाकाठी काही दिवस येणार, रांगेतले दुखरे दात काढणार आणि परत जाणार. मुलांचे पुढचे दात किडून जाणे हे तेथे बालपणाचे एक नैसर्गिक अंग समजले जाऊ लागले होते. मूलनिवासींच्या आरोग्य संस्थांनी २००३ मध्ये आपल्यातीलच काही तरुणांना न्यूझीलंडला शिकावयास पाठविले. त्या देशात १९२१ पासून शाळांमधून दंत परिचारिका मुलांचे दात भरीत आल्या आहेत. म्हणजे प्रयोग नवा नव्हता. दोन वर्षांचे शिक्षण घेऊन हे तरुण आपल्या प्रदेशात परतले. दात स्वच्छ करणे, भरणे, सोपे दात काढणे आणि प्रतिबंधक उपाय करणे एवढी त्यांच्या कामाची मर्यादा. क्ष-किरण चित्रे आणि छायाचित्रे ते तारमार्गाने बेथेलसारख्या मोठ्या गावातील दंतवैद्याकडे पाठवीत. तो पाहून सांगे त्याप्रमाणे पुढचे काम होई, आणि मर्यादेबाहेरचे असेल तर रुग्णाला वर पाठविले जाई.

या तरुणांविरुद्ध आणि त्यांना नेमणाऱ्या संस्थेविरुद्ध २००६ मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशन आणि अलास्का डेंटल सोसायटी न्यायालयात गेल्या. पूर्ण शिक्षण न घेतलेल्यांच्या हाती रुग्ण देणे म्हणजे मूलनिवासींना दुय्यम दर्जाची सेवा देणे होय, असा युक्तिवाद होता. ऐकायला तो समतेचा वाटतो. परंतु ज्या खेड्यात प्रथम दर्जाची सेवा देणारा कोणी पायच ठेवीत नाही, तेथे दुय्यम सेवेचा निषेध करणे याचा अर्थ कोणतीच सेवा नको असा होतो. आणि ही निवड करणारे लोक त्या खेड्यात राहणारे नसतात. २००७ मध्ये खटल्याचा निकाल संघटनांच्या विरुद्ध गेला आणि प्रकरण तडजोडीने मिटले. पुढे २०१० मध्ये झालेल्या स्वतंत्र मूल्यमापनात या कार्यकर्त्यांचे काम त्यांच्या मर्यादेत सक्षम आणि सुरक्षित असल्याचे आढळले. कॅलिफोर्नियातही शाळा आणि वृद्धाश्रम यांमधून हायजिनिस्ट तपासणी करतात व दूरवरचा दंतवैद्य निर्णय देतो, अशी योजना उभी राहिली. गरिबांच्या सरकारी विमा योजनेतून अशा कामाचे पैसे देण्याचा कायदा तेथे २०१४ मध्ये झाला.

दोन्ही ठिकाणी दंतवैद्य दूर होता. कंपनीच्या व्यवस्थेत रुग्णाच्या तोंडापाशी कोणीच नव्हते आणि उत्तरदायी धरावा असा माणूसही सापडत नव्हता. अलास्कात तोंडापाशी एक शिकलेला हात होता, तो त्याच गावचा होता आणि त्याच्या पाठीशी नावानिशी जबाबदार असा दंतवैद्य होता. इंग्लंडमधील प्रतिजैविकांचा अनुभवही हेच सांगतो की अंतर घातक ठरते ते रुग्णाजवळ हात नसेल तेव्हा. यावरून दूरध्वनी बंद करावा असे ठरत नाही. जवळचा हात उभा करावा असे ठरते. आणि येथेच दंतवैद्यांच्या संकोचाचे खरे मूळ आहे, असे आमचे मत आहे. जो दूरध्वनी रुग्णाला खुर्चीपर्यंत आणतो तो त्यांना चालतो. जो दूरध्वनी खुर्चीतले थोडे काम दुसऱ्या हाताला देऊ पाहतो तो चालत नाही. १९४८ च्या कायद्यात दंत हायजिनिस्टांच्या नोंदणीची तरतूद होती. आज दंतवैद्य तीन लाखांच्या घरात गेले असताना हायजिनिस्ट जवळजवळ दिसतच नाहीत. पदवीधरांना पुरेसे काम नाही तेव्हा मदतनीस कशाला, हा त्यावरचा ठराविक प्रतिवाद. शहरापुरता तो खरा आहे. खेड्याला तो लागू होण्यासाठी आधी पदवीधर खेड्यात असावा लागेल.

महाराष्ट्रात या दृष्टीने काय आहे आणि काय होऊ शकते? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरला झाली. त्याची पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जातात. पथकात आयुष शाखेचे दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असतो, दंतवैद्य नसतो. तपासायच्या विकारांच्या यादीत किडलेले दात आहेत. म्हणजे मुलाने तोंड उघडले, पथकाने कीड पाहिली, रकान्यात खूण केली आणि संदर्भ-चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी घेऊन बापाने कुठे जायचे? ग्रामीण वा उपजिल्हा रुग्णालयात दंतवैद्य असला तर असला. असला तर खुर्ची चालू स्थितीत असली तर असली. दुधाच्या दातासाठी मजुरी बुडवून तीन खेपा घालणारा बाप आम्हांला तरी क्वचितच भेटला आहे. पुढच्या वर्षी पथक पुन्हा येते, तीच खूण पुन्हा होते. आजाराची नोंद ठेवणे आणि आजारावर इलाज करणे यांतील अंतर आपल्या आरोग्यखात्याने इतके अंगवळणी पाडून घेतले आहे की नोंदीच्या टक्केवारीवरच कामाचे मोजमाप होते.

याच पथकाने त्याच मुलाच्या दाताचे छायाचित्र जिल्ह्याच्या दंतवैद्याला दाखविले, आणि त्याच्या सल्ल्याने जागीच सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा एक थेंब लावला, तर? हे औषध स्वस्त आहे. यंत्र लागत नाही, भूल लागत नाही, वीज लागत नाही. पुष्कळ दातांत कीड तिथल्या तिथे थांबते; दातावर काळा डाग पडतो एवढा दोष, आणि तो आईबापांना आधी सांगितला पाहिजे. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला, ग्लास आयोनोमर सिमेंटला आणि फ्लोराइडयुक्त टूथपेस्टला आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. नुसत्या हातातील हत्यारांनी कीड खरवडून हे सिमेंट भरण्याची पद्धत तर १९८० च्या दशकाच्या मध्याला टांझानियात, म्हणजे आपल्याहून गरीब देशात, विकसित झाली. ज्ञान आहे, साधन आहे, मुलगा समोर बसला आहे, पथकाच्या खिशात भ्रमणध्वनी आहे. दंतवैद्याचा होकार आणि सरकारचा आदेश, एवढेच नाही. (यवतमाळ, नांदेड, चंद्रपूर या जिल्ह्यांच्या काही भागांत पाण्यातच फ्लोराइड अधिक आहे आणि मुलांच्या दातांवर त्याचे डाग दिसतात, तेथील मुलाच्या दातावर काय दिसते आहे आणि काय करावे, हे ठरविण्यासाठीही तज्ज्ञाची नजर हवी, आणि ती दुरून मिळू शकते.)

मुलांच्या दातांची गोष्ट दुखण्याची आहे. मोठ्यांच्या तोंडाची गोष्ट मरणाची आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे ३ लाख ९० हजार नवे रुग्ण जगात झाले. त्यांपैकी सुमारे १ लाख ४३ हजार एकट्या भारतातले. २०१६-१७ च्या तंबाखूविषयक पाहणीत महाराष्ट्रातील जवळजवळ प्रत्येक चौथा प्रौढ धूरविरहित तंबाखू घेणारा निघाला. विदर्भातला खर्रा, पश्चिम महाराष्ट्रातला मावा, आणि घरोघरच्या बायकांची मिश्री. मिश्री तर दात स्वच्छ करण्याच्या नावाखाली लावली जाते, त्यामुळे ती व्यसनात मोजलीच जात नाही. गुटख्यावर २०१२ पासून राज्यात बंदी आहे आणि तो कुठे मिळतो हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. पांढरा चट्टा, न भरणारी जखम, दिवसेंदिवस कमी उघडणारे तोंड, ही लक्षणे कर्करोगाच्या कितीतरी आधी दिसतात. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात घालता येतात काय, एवढे पाहायला तर कॅमेराही लागत नाही.

तोंडाची नुसती डोळ्यांनी तपासणी करून काय साधते, याचा जगातला सर्वांत महत्त्वाचा पुरावा आपल्याच देशातला आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन तोंडे तपासली. ते डॉक्टर नव्हते, दंतवैद्यही नव्हते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू वा मद्य घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३४ टक्क्यांनी कमी झाले. पुढे बंगळुरूहून भ्रमणध्वनीवर छायाचित्रे काढून ती तज्ज्ञांना पाठविण्याचेही प्रयोग झाले. दंतवैद्याची नजर येथे सर्वांत मोलाची ठरते. कारण संशयित तोंडांतील खरोखर धोक्याचे कोणते, हे त्यालाच कळते, आणि नाहक घाबरलेल्या दहा माणसांना शहराची खेप वाचविणेही त्यालाच शक्य असते. चित्रावरून निदान चुकेल ही त्याची भीती येथे फारशी लागू पडत नाही. चित्र पाहून त्याने ‘या माणसाला बोलवा’ एवढेच म्हणायचे आहे. तुकडा काढून तपासणे पुढे रुग्णालयात व्हायचेच असते. आज तो हे म्हणत नाही तेव्हा कोणीच म्हणत नाही.

तथापि या कामाचे ओझे शेवटी कोणावर पडणार, हे विसरून चालणार नाही. तिशीवरील प्रत्येकाची प्रश्नावली आशा कार्यकर्ती भरते. तीत तोंडातील जखमेचा आणि तंबाखूचा प्रश्न आहेच. उद्या छायाचित्र काढण्याचे कामही तिच्याकडेच जाईल. भ्रमणध्वनी तिचा, त्यातील इंटरनेटचा खर्च तिचा, चित्र धूसर आले तर बोलणी तिला. महाराष्ट्रातील आशांनी जून २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३ च्या अखेरीपासून संप केले ते याच प्रकारच्या वाढत्या, अर्धवेतनी कामांविरुद्ध. दंतवैद्याने विनामोबदला सल्ला देऊ नये हे आम्हांला मान्य आहे. मग रुग्णाच्या ओठाला हात लावून गाल ताणून धरणारीने विनामोबदला काम करावे, हे कसे मान्य होईल? दूरस्थ उपचाराची जी योजना दोघांच्या कामाची किंमत एकाच कागदावर लिहीत नाही ती आमच्या मते स्वीकारू नये.

सरकार हे करू शकत नाही असे नाही. ई-संजीवनीच्या सरकारी जाळ्यातून फेब्रुवारी २०२३ पर्यंत दहा कोटी सल्ले दिले गेल्याचे केंद्राने जाहीर केले. उपकेंद्रावरचा आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवितो आणि वरच्या रुग्णालयातील डॉक्टर पडद्यावर बोलतो, ही रचना उभी आहे. तीत दंतवैद्याचे टेबल ठळकपणे मांडावयाचे आहे. आरंभ शासकीय व महापालिकेच्या दंत महाविद्यालयांनी करावा. तेथील प्रशिक्षणार्थी पदवीधरांना समाजदंतशास्त्राच्या नेमणुकीत दूरस्थ तपासणी शिकविता येईल, म्हणजे ‘आम्हांला कोणी शिकविले नाही’ हे कारण पुढच्या पिढीला उरणार नाही. खाजगी महाविद्यालयांना मान्यता देताना एकेका तालुक्याची जबाबदारी अटीत घालावी. पडद्यावर दिलेला सल्ला शासकीय दंतवैद्याच्या कामाच्या नोंदीत धरला जावा. दूरध्वनीवरून लिहिलेल्या प्रतिजैविकांचा हिशेब दर तिमाहीला प्रसिद्ध व्हावा, म्हणजे इंग्लंडमध्ये जे नंतर कळले ते येथे वेळीच कळेल. ज्याला ‘या’ म्हटले त्याच्यासाठी ग्रामीण रुग्णालयात ठरलेल्या वारी खुर्ची राखून ठेवावी, आणि ती खुर्ची चालू असावी. रुग्णांची छायाचित्रे सरकारी जाळ्यातच राहावीत. यंत्रांना दात ओळखायला शिकविण्यासाठी ती फुकट मिळवू पाहणाऱ्या कंपन्या दाराशी येतीलच.

दंतवैद्यांच्या संघटनांशी या विषयावर बोलताना आमच्या कार्यकर्त्यांनी आरोपाचा सूर लावू नये. त्यांच्यातील तरुणांचा मोठा भाग स्वतःच या व्यवस्थेने नाडलेला आहे. शासकीय सेवेत पदे निर्माण झाली आणि ती भरली गेली तर तालुक्याला जाण्यास तो नकार देईल असे आम्हांला वाटत नाही. ग्रामीण रुग्णालयांतील दंतवैद्यांची मंजूर पदे किती, भरलेली किती, खुर्च्या किती व त्यांपैकी बंद किती, ही माहिती प्रत्येक जिल्ह्यात माहितीच्या अधिकारात मागता येते. ती हाती आल्यावर जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीपुढे बाल स्वास्थ्य पथकाच्या नोंदवह्या ठेवाव्यात आणि गेल्या वर्षी किडलेले दात म्हणून खूण झालेल्या मुलांपैकी किती जणांवर इलाज झाला, हा एकच प्रश्न विचारावा.